बाल न्याय आणि घराची साक्ष

(पालक आणि वस्त्यांमधून काम करणारे कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



‘तुमचा मुलगा आमच्याकडे आहे, ताबडतोब या,’ असा निरोप पोलीस ठाण्यातून येतो, तेव्हा चांगल्या सुशिक्षित घरातही घटकाभर कुणाला काही सुचत नाही. नंतर जे सुचते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक म्हणजे कुणाची तरी ओळख काढून, बभ्रा होण्याआधी प्रकरण मिटवावे. दुसरे म्हणजे ‘असे दिवटे कार्टे आमचे नव्हेच’ म्हणून त्याला त्याच्या नशिबावर सोडून द्यावे. पहिल्या मार्गाला पैसा आणि वशिला लागतो. दुसऱ्याला नुसती अब्रूची भीती पुरते. कायद्याची पालकांकडून असलेली अपेक्षा मात्र या दोहोंपेक्षा निराळी आणि अधिक अवघड आहे. ती समजून घेणे हा या व्याख्यानाचा विषय आहे.

कायद्याची भूमिका

मुलांसाठी स्वतंत्र न्यायव्यवस्था असावी हा विचार आपल्याकडे नवा नाही. मुंबई इलाख्यात मुलांसंबंधीचा स्वतंत्र कायदा १९२४ मध्ये झाला. स्वातंत्र्यानंतर १९८६ मध्ये संपूर्ण देशासाठी पहिला बाल न्याय कायदा आला, त्यानंतर २००० चा आणि आज लागू असलेला २०१५ चा. या शेवटच्या कायद्यामागे डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अमानुष घटनेची पार्श्वभूमी होती. त्या गुन्ह्यातील एक आरोपी अठरा वर्षांच्या आतला होता आणि तीन वर्षे विशेषगृहात राहून तो डिसेंबर २०१५ मध्ये बाहेर आला. त्याच महिन्यात राज्यसभेने नवा कायदा संमत केला आणि १५ जानेवारी २०१६ पासून तो अमलात आला.

या कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालील मुलगा किंवा मुलगी ‘आरोपी’ नसते, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असते. त्याचा खटला चालत नाही, चौकशी होते. ती बाल न्याय मंडळासमोर होते. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात आणि त्या दोघांपैकी किमान एक महिला असावी लागते. शब्द बदलले म्हणून गुन्ह्याचे गांभीर्य कमी होते असे नाही. वाढत्या वयातील मनाला अजून वळण लावता येते आणि ते लावणे समाजाच्याच हिताचे आहे, ही त्यामागची धारणा आहे. ओली काठी वाकते, वाळलेली मोडते, हे आपल्या आजी-आजोबांना कायद्याच्या पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

पहिले चोवीस तास

पालकांनी सर्वप्रथम लक्षात ठेवावे की, बालकाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात एक रात्रही ठेवता येत नाही. त्याला बेड्या घालता येत नाहीत. ताबा विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला मंडळासमोर हजर करावे लागते. पालकांना कळविणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. नियमांनुसार बालकाला कोणत्याही जबाबावर सही करायला सांगता येत नाही. गुन्हा अतिगंभीर स्वरूपाचा असेल किंवा तो प्रौढ व्यक्तींसोबत मिळून केल्याचा आरोप असेल, तरच प्रथम खबरी अहवाल नोंदवायचा असतो. एरवी स्टेशन डायरीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा असतो. वकील देण्याची ऐपत नसेल, तर मोफत विधी साहाय्य मिळते; त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे.

जामिनाबाबत अनेकांची समजूत चुकीची असते. प्रौढ माणसाच्या बाबतीत गुन्हा जितका मोठा, तितका जामीन अवघड. बालकाच्या बाबतीत कायद्याचा कल सोडण्याकडे आहे. सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याचा संभव असेल, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका असेल किंवा न्यायाचा हेतूच विफल होणार असेल, एवढ्या तीन कारणांसाठीच जामीन नाकारता येतो आणि ते कारण मंडळाला लिहून द्यावे लागते. जामिनाची अट गरीब घराला सात दिवसांत पूर्ण करता आली नाही, तर मुलाला पुन्हा मंडळासमोर आणून अट बदलण्याचा विचार करावा लागतो.

या तीन कारणांकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. मंडळ गुन्ह्याबरोबर घराचीही विचारपूस करीत असते. मुलगा कुणाबरोबर असतो? रात्री कुठे असतो? त्याच्यावर कुणाचे लक्ष आहे? परिविक्षा अधिकारी सामाजिक तपासणीचा अहवाल तयार करतो, त्यातही हेच प्रश्न असतात. तेव्हा ‘आमचा मुलगा लाखात एक, मित्रांनी बिघडवला’ एवढे सांगून भागत नाही. शाळा कधी सुटली, पैसे कुठून येत होते, घरात व्यसन आहे का, मारहाण होते का, याची खरी उत्तरे दिली तरच मंडळाला योग्य आदेश देता येतो. हा अहवाल गोपनीय असतो. घराने आपल्याविषयी दिलेली प्रामाणिक साक्ष हा मुलाच्या बचावातील सर्वांत भक्कम पुरावा ठरू शकतो.

वयाचा प्रश्न

वय मोजायचे ते गुन्हा घडला त्या दिवशीचे. चौकशी चालू असताना अठरा पूर्ण झाली तरी तो बालकच मानला जातो आणि अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर, निकाल अंतिम झाल्यानंतरसुद्धा, करता येतो. वयाविषयी शंका असेल तर पुराव्याचा क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी.

महाराष्ट्रात हा क्रम विशेष महत्त्वाचा आहे. गुरुजींनी शाळेत नाव घालताना अंदाजे ‘१ जून’ लिहिलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. आजही पहिलीत लवकर प्रवेश मिळावा म्हणून वय वाढवून सांगणारे पालक भेटतात. सहा महिन्यांची ती ‘सोय’ पुढे एखाद्या दुर्दैवी दिवशी मुलगा बालक की प्रौढ हे ठरवू शकते. कागदावरील किरकोळ खोटेपणाही किरकोळ राहत नाही, तो असा.

सोळा ते अठरा

कायद्याने गुन्ह्यांचे तीन वर्ग केले आहेत: किरकोळ, गंभीर आणि अतिगंभीर. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे तो अतिगंभीर. बालक सोळा वर्षांचे किंवा त्याहून मोठे असेल आणि आरोप अतिगंभीर गुन्ह्याचा असेल, तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते. गुन्हा करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्हा ज्या परिस्थितीत घडला ती परिस्थिती, हे त्यात पाहिले जाते. त्यानंतर प्रकरण प्रौढांप्रमाणे खटला चालविण्यासाठी बाल न्यायालयाकडे जाऊ शकते. मूल्यमापनाच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. ही मुदत घबराटीत निघून जाऊ देऊ नये. प्रौढ म्हणून खटला चालला तरी फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही.

येथे ‘किमान’ हा शब्द कळीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की, ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा मोठी आहे, पण किमान सात वर्षे अशी तरतूद नाही, तो ‘अतिगंभीर’ या वर्गात मोडत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे पुण्याच्या कल्याणीनगर प्रकरणात जनमत विलक्षण संतापले.

कल्याणीनगरचा धडा

१९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील भरधाव परदेशी मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला आणि अटींमध्ये रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. लोकक्षोभानंतर त्याला निरीक्षणगृहात पाठविण्यात आले. जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते ठेवणे बेकायदेशीर ठरवून त्याला नातेवाइकांच्या ताब्यात दिले. त्याला प्रौढ मानावे ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. दोन घरांतील कर्ती मुले गेली, त्या घरांना निबंधाची अट जखमेवर मीठ चोळल्यासारखी वाटली असेल, तर त्यात नवल नाही. बाल न्यायात पीडित कुटुंबाचे दुःख ऐकून घेण्याची जागा फार अपुरी आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु या प्रकरणाचा खरा धडा मोठ्या माणसांसाठी आहे. मुलाच्या रक्ताचे नमुने बदलल्याचे आणि चालकाने दोष आपल्या अंगावर घ्यावा म्हणून दबाव आणल्याचे आरोप घरातील वडीलधाऱ्यांवर ठेवले गेले. त्यांचा निर्णय न्यायालय देईल. तथापि असे आरोप कोणत्याही घरावर यावेत, ही गोष्टच विचार करायला लावणारी आहे. मुलाने एक चूक केली असताना ती झाकण्यासाठी मोठ्यांनी दुसरी केली, तर तो मुलगा पहिलीपेक्षा दुसरीतूनच अधिक शिकतो.

वाहनापुरते बोलायचे तर कायदा आता स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजारांचा दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकानेच सिद्ध करायचे असते. दहावीच्या क्लासला जाण्यासाठी दुचाकीची किल्ली हातात देणाऱ्या प्रत्येक घराने हे वाचून ठेवावे.

प्रेम आणि मोबाइल

मध्यमवर्गीय घरांना अनपेक्षितपणे गाठणारा कायदा म्हणजे २०१२ चा लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा, ज्याला सगळे ‘पोक्सो’ म्हणतात. त्याच्या दृष्टीने अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या संमतीला अर्थ नाही. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी घर सोडून जातात, मुलीचे वडील रागाच्या भरात तक्रार देतात. शरीरसंबंध आल्याचे निष्पन्न झाले, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या गुन्ह्याची किमान शिक्षा दहा वर्षे आहे, म्हणजेच तो अतिगंभीर वर्गात जातो. पुढे दोन्ही घरांचा राग निवळला, तरी तक्रार आपसांत मिटवून मागे घेता येत नाही. अत्याचार झाला असेल तिथे तक्रार केलीच पाहिजे, ती दडपणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणूनच या वयातील आकर्षणाविषयी घरात मोकळेपणाने बोलण्याची वेळ तक्रारीच्या आधीची असते. लहान मुलांची अश्लील चित्रे मोबाइलमध्ये साठवणे, पुढे पाठविणे हाही गंभीर अपराध आहे. वर्गातील गटावर ‘गंमत’ म्हणून फिरणारे चित्र याच सदरात येऊ शकते.

परतीची वाट

चौकशीअंती दोष सिद्ध झाला, तर मंडळ समज देऊ शकते, समुपदेशन, समाजसेवा, परिविक्षा किंवा जास्तीत जास्त तीन वर्षे विशेषगृह असा आदेश देऊ शकते. दंड भरण्याचा आदेश पालकांनाही होऊ शकतो. मात्र दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता बालकाला चिकटत नाही. सोळा वर्षांवरील ज्या मुलाला बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून दोषी ठरविले, तोच याला अपवाद. बालकाचे नाव, छायाचित्र, शाळा, पत्ता प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. समाजमाध्यमावर छायाचित्र पुढे ढकलणारा सज्जन शेजारीही त्यातून सुटत नाही.

कायदा असा डाग पुसायला तयार आहे. समाज तयार आहे का? पुण्यात २०२२-२३ मध्ये कोयते नाचवून दहशत माजविणाऱ्या टोळ्यांत अल्पवयीन मुले सापडल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. त्यांना वापरून घेणाऱ्या प्रौढांना सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. पण निरीक्षणगृहातून परतलेल्या मुलाला शाळा घेत नाही, सोसायटीतली मुले टाळतात, कुणी काम देत नाही. त्या वेळी त्याला नावाने हाक मारणारा फक्त टोळीचा दादाच उरला, तर तो तिकडेच जाणार.

कार्यकर्त्यांचे काम इथे सुरू होते. आपल्या जिल्ह्याचे बाल न्याय मंडळ कुठे बसते, विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय कुठे आहे, १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक कशासाठी आहे, एवढी माहिती प्रत्येक वस्तीत असावी. घाबरलेल्या आईबरोबर मंडळात जाऊन बसावे. ज्याच्या घरी सांभाळणारे कुणी नाही, अशा मुलासाठी ‘योग्य व्यक्ती’ म्हणून पुढे येण्याची सोयही कायद्यात आहे. परतलेल्या मुलाला संध्याकाळच्या मैदानावर खेळायला बोलवावे, अभ्यासिकेत जागा द्यावी, दुकानात कामाला लावावे. मुलाच्या डोळ्यांत डोळे घालून ‘तू चुकलास, त्याची किंमत आपण मिळून चुकती करू,’ असे म्हणण्याचे धैर्य ज्या घरात आणि ज्या वस्तीत असेल, तिथेच हा कायदा कागदावरून खाली उतरेल.