धक्का आणि सोबत
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी आम्ही व्हिडिओ गेमविषयी बोलणार, हे ऐकून वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील. कालपरवापर्यंत आमच्याही पडत होत्या. पण खेळातून सदाचार शिकवण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. जुन्या मोक्षपटावर शिडी सद्गुणाची आणि साप दुर्गुणाचा असे.

आमचा मुलगा 'जर्नी' नावाचा खेळ खेळत होता. रागावण्यासाठी म्हणून आम्ही त्याच्या मागे जाऊन उभे राहिलो. पडद्यावर अफाट वाळवंट, दूर एक डोंगर आणि त्या दिशेने चाललेला झगा घातलेला एक वाटसरू. वाटेत दुसरा वाटसरू भेटला. तो जगाच्या पाठीवर कोठेतरी बसून खेळणारा खराखुरा माणूस. पण त्याचे नाव, गाव, धर्म, भाषा काही कळत नाही. बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. पुढे बर्फ लागले. "चल, जेवायला ऊठ," आम्ही म्हणालो. मुलगा म्हणाला, "अब्बा, थांबा जरा. तो माझ्यासाठी थांबलाय."

आम्ही थांबलो, आणि मग या खेळाची माहिती मिळवून वाचली. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्याचे दिग्दर्शक जेनोव्हा चेन हे जन्माने शांघायचे. त्यांची संस्था अमेरिकेतली. खेळाच्या आरंभीच्या आराखड्यात वाटसरूंना एकमेकांना ढकलता येत असे. हेतू हा की, अडलेल्याला वर चढवावे. घडले उलटेच. खेळणारे सोबत्याला कड्यावरून खाली लोटू लागले! चेन यांनी बालमानसशास्त्राच्या जाणकाराला विचारले. उत्तर मिळाले की, यात दुष्टपणा नाही. नव्या जगात माणूस लहान मुलासारखा होतो आणि ज्या कृतीला मोठा प्रतिसाद मिळतो तीच पुन्हा पुन्हा करतो. तेव्हा चेन यांनी ढकलण्याची सोयच काढून टाकली. उलट, दोघे जवळ आले की दोघांच्याही गळपट्ट्याला उडण्याचे बळ मिळावे, अशी योजना केली. माणसे तीच, पण लोटणारे सोबत करू लागले.

हे वाचून आम्ही खजील झालो. आमच्या वर्गात मॉनिटरने फळ्यावर गोंगाट करणाऱ्यांची नावे लिहावीत, अशी पद्धत आम्हीच घातली होती. एका मुलाचे नाव रोज लागे. पुढे तो आठ दिवस शाळेत आला नाही. आम्ही घरी गेलो, तेव्हा त्याची आई म्हणाली, "गुरुजी, रोज नाव लागतं म्हणून येत नाही तो." चौकशी केली तर निम्मी नावे भांडणाच्या रागापोटी लिहिलेली निघाली. मुले वाईट नव्हती. ढकलण्याची सोय आम्हीच त्यांच्या हाती दिली होती.

आम्ही पद्धत बदलली. कोणी कोणाला मदत केली, एवढेच फळ्यावर लिहायचे. पहिले काही दिवस मुलांनी खोट्या मदतीही लिहून घेतल्या, हे कबूल केले पाहिजे. पण तिसऱ्या आठवड्यात त्या मुलाचे नाव लागले. हात मोडलेल्या एका सोबत्याचे दप्तर तो रोज घरापर्यंत पोचवीत होता. आणि ते त्याने स्वतः सांगितले नव्हते.

शेवटी एक नम्र सूचना. 'जर्नी'मध्ये वाटेत कोण सोबत होते, त्यांची नावे प्रवास संपल्यावरच दिसतात. आपला ट्रस्ट गरजू मुलांना वह्या-पुस्तके व फी देतो, हे मोठेच पुण्यकर्म आहे. परंतु त्या मुलांना नाव पुकारून व्यासपीठावर बोलावताना त्यांची मान खाली जाते, हे शिक्षक म्हणून आम्ही जवळून पाहिले आहे. यंदापासून ती मदत मुकाट्याने घरी पोचती करता येणार नाही काय? विश्वस्त मंडळींनी याचा विचार करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.