‘ॲडोलेसन्स’चा पहिला भाग

भल्या सकाळी पोलीस एका घराचं दार फोडून आत शिरतात आणि खुनाच्या संशयावरून १३ वर्षांच्या जेमीला ताब्यात घेतात. मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘ॲडोलेसन्स’ या ब्रिटिश मालिकेची ही सुरुवात. जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम यांचं लेखन, फिलिप बरँटिनी यांचं दिग्दर्शन. भाग अवघे चार, आणि प्रत्येक भाग सलग एकाच शॉटमध्ये चित्रित केलेला.

पहिला भाग पाहताना ही निव्वळ कॅमेऱ्याची करामत वाटत नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं. बोटांचे ठसे, फोटो, वकिलाची वाट पाहणं... एरवी मालिका गाळून टाकतात तो सगळा वेळ आपल्यालाही त्या कुटुंबासोबत काढावा लागतो. बापाच्या भूमिकेत ग्रॅहमच आहेत. मुलाची अंगझडती चालू असताना कॅमेरा बापाच्या चेहऱ्यावर खिळून राहतो. तिथे संवादाची गरजच उरत नाही. जेमी झालेल्या ओवेन कूपरची पडद्यावरची ही पहिलीच भूमिका, यावर तर विश्वासच बसत नाही!

घरात शाळकरी मूल असेल, तर आईवडिलांनी हा भाग एकत्र बसून जरूर पाहावा.