दोरी कुणाच्या हाती?



मालवणच्या किनारपट्टीवर जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो. लुगडे नेसलेली राणी हा पुरुष आहे आणि राजा दिवसा शेतात राबणारा गडी आहे, हे प्रेक्षकांना पक्के ठाऊक असते. ‘रात्री राजा, सकाळी कपाळार बोजा’ ही म्हण इथलीच. तरीही देवाचे सोंग पुढे येताच हात जोडले जातात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेल्या कळसूत्री बाहुल्यांचेही तसेच. त्या कलेचे उपासक परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. लाकडी बाहुलीने मान खाली घातली की पाहणाऱ्याच्या मनात कालवाकालव होते.

याला अडाणीपणा म्हणणे चूक ठरेल. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम या शास्त्रज्ञाने ‘एलायझा’ हा संगणकाचा कार्यक्रम प्रसिद्ध केला. माणसाचेच वाक्य फिरवून प्रश्नरूपाने परत करणे, एवढीच त्याची विद्या. वायझेनबाउम यांच्या सचिव बाईंनी त्याची घडण महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर पाहिली होती. परंतु त्याच्याशी बोलू लागताच त्यांनी वायझेनबाउमनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. निर्जीवात जीव ओतणे हा मनुष्यस्वभावच आहे.

आज त्या यंत्राला चेहरा आणि आवाज लाभला आहे. मे २०२४ मध्ये डीडी किसान वाहिनीने ‘क्रिश’ व ‘भूमी’ हे संगणकनिर्मित निवेदक शेतकऱ्यांपुढे आणले. त्याच वर्षी तामिळनाडूत एम. करुणानिधी पडद्यावर भाषण करताना दिसले. २०१८ साली दिवंगत झालेल्या या नेत्याच्या मुखातून मुख्यमंत्री असलेल्या पुत्राची प्रशंसा वदविण्यात आली. बॅरिस्टर नाथ पै १९७१ साली गेले. उद्या त्यांचा आवाज कुणी असाच उठवला आणि त्यांच्या तोंडी भलतेच शब्द घातले, तर त्याचा जाब कुणाला विचारायचा?

खरा प्रश्न दोरीचा आहे. पिंगुळीच्या बाहुलीची दोरी दिसते. ती हलविणारा हात माहितीचा असतो, त्याच्याशी सकाळी वाद घालता येतो. आभासी माणसाची दोरी अदृश्य असते आणि ती भांडवलदाराच्या हाती असते. कोकणातल्या कितीतरी घरांत मुले मुंबईला गेल्यावर म्हातारी माणसे एकटी उरली आहेत. पडद्यावरचा एखादा प्रेमळ चेहरा ‘जेवलात का?’ असे विचारील, तेव्हा त्यांना वाटणारा दिलासा खोटा नसेल. मात्र त्या विचारपुशीमागे नफ्याचा हिशेब असू शकतो, आणि मन मोकळे करताना बोललेला प्रत्येक शब्द मालकाच्या दप्तरी जमा होऊ शकतो.

म्हणून यंत्राने ‘मी यंत्र आहे’ हे प्रथम सांगितलेच पाहिजे. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्यात तशी तरतूद आहे. मृतांचा चेहरा व आवाज प्रचारासाठी वापरणार नाही, अशी प्रतिज्ञा समाजवादी पक्षांनी इतरांकडे बोट दाखविण्यापूर्वी स्वतः घ्यावी. मात्र कायदा एकाकीपण दूर करू शकत नाही. तालुक्याच्या गावीच रोजगार असता, तर ती मुले संध्याकाळी घरी परतली असती. ती लढाई जुनीच आहे आणि ती पुढे न्यायची आहे. तोवर कार्यकर्त्याने वर्गणीची पावती घेऊन दारात जावे तेव्हा ओटीवर घटकाभर बसावेही. ‘जेवलात का?’ हा प्रश्न त्याने विचारला, तर त्याची दोरी कुणाच्याही हाती नसेल.