टाके निघाले, हाड जुळायचं होतं

मागं रेडिओवर कंबरदुखीचा कार्यक्रम झाला तेव्हा मी फोन करून सांगितलं होतं की माझं मणक्याचं ऑपरेशन झालंय. ताई म्हणाल्या, मग इथं येऊनच सांगा. म्हणून आले. मी काही डॉक्टर नाही. माझ्या अंगावरून गेलं तेवढंच सांगणार.

माझं वय 54. सांगोल्याकडं आमचं डाळिंबाचं रान आहे. कंबरदुखीला आपल्यात कुणी दुखणं म्हणतच नाही. बाईची कंबर दुखायचीच, असं धरून चालतात. पण माझं दुखणं पुढं पायात उतरलं. घरापासून रानात जाईपर्यंत मला तीनदा बसावं लागायचं. चाललं की पोटऱ्या भरून यायच्या, वाकून बसलं की मोकळं वाटायचं. नंतर उजव्या पायातली चप्पल निसटून मागं राहायला लागली आणि मला पत्तासुद्धा नसायचा. तेव्हा मात्र घरातले हलले.

कमरेत पाच मणके असतात. माझा चौथा मणका पाचव्यावरून पुढं सरकला होता आणि पायाकडं जाणाऱ्या शिरा दाबल्या जात होत्या. पन्नाशीनंतर हे बायकांत जास्त होतं म्हणे. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं नाही. सहा महिने गोळ्या, व्यायाम, एकदा मणक्यात सुई. कितीतरी जणांचं तेवढ्यावर भागतं. पायातली ताकद कमी होत चालली तेव्हा ऑपरेशनचं नाव निघालं. आम्ही दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवलं, त्यांनीही तेच सांगितलं. एक गोष्ट इथंच सांगून ठेवते. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर उद्यावर टाकायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथं घाई लागते.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी काय विचारलं असेल? मिशरी लावता का. मी लावत होते, आत्याबाई लावतात, आमच्या गल्लीत कोण लावत नाही? ते म्हणाले, तंबाखूतलं निकोटिन रक्तात जातं आणि हाड जुळू देत नाही. आधी बंद करा, मग तारीख देतो. पहिले दहा दिवस डोकं असं ठणकलं की ऑपरेशन परवडलं. पण सुटली.

पैशाचं म्हणाल तर सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जे दवाखाने आहेत, तिथं आरोग्यमित्र बसलेला असतो. तुमचं ऑपरेशन त्यात बसतं का, कागद कोणते लागतात, हे त्याला आधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

ऑपरेशन तीन-चार तासांचं. शिरेवरचा दाब काढला, दोन मणक्यांत स्क्रू आणि सळ्या बसवल्या आणि मध्ये हाडाचा चुरा भरला. तो चुरा माझ्याच हाडाचा, तिथूनच काढलेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उभं केलं. आमच्याकडं समज असा की मणक्याचं ऑपरेशन म्हणजे माणूस जन्माचा अंथरुणाला. इथं तर दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून चार पावलं! नर्सबाईंनी कुशीवर वळायला शिकवलं, ओंडका लोळवावा तसं, खांदे आणि खुबे एकदमच. उठताना आधी कुशीवर व्हायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताने रेटून बसायचं. आजही मी तशीच उठते.

पंधराव्या दिवशी टाके निघाले आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. दवाखान्यात सगळे हळहळत होते. टाके निघाल्यावर लोक म्हणायला लागले, आता काय, बरी झालीस की. दिसायला मी चांगलीच दिसत होते. त्यातच जाऊबाईंच्या मुलीचं लग्न निघालं. आत्याबाई म्हणाल्या, जड काही नको उचलूस, खाली बसून नुसत्या पोळ्या लाटू लाग. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांनी स्वतः बाळंतपणानंतर महिन्याभरात रान धरलेलं.

माझा थोरला सेंट्रिंगच्या कामावर जातो. त्यानं माझा एक्स-रे आजीच्या समोर धरला. म्हणाला, आजी, हे स्क्रू म्हणजे सेंट्रिंग आहे. स्लॅब टाकला की वरून लगेच कोरडा दिसतो, म्हणून आपण तिसऱ्या दिवशी टेकू काढतो का? आत हाड जुळायला सहा महिने, वर्ष लागतं. तोवर आई वाकली, पिळली, ओझं उचललं, तर स्क्रू ढिले होतील. फरक एवढाच, हे सेंट्रिंग नंतर काढत नाहीत, आतच राहतं. आत्याबाईंनी एक्स-रे उलटासुलटा करून बघितला. दुसऱ्या दिवशी लग्नघरी त्यांनीच सांगून टाकलं की आमची सून यंदा खुर्चीवर बसणार.

डॉक्टरांनी सांगितलेलं तीनच गोष्टींचं होतं. वाकायचं नाही, कमरेतून वळायचं नाही, वजन उचलायचं नाही. ऐकायला सोपं. पण बाईचं घरातलं कुठलं काम वाकल्याशिवाय होतं? भरलेली कळशी, केर, चुलीपुढं भाकरी, नातवाला कडेवर घेणं, सगळं त्यातच आलं. मग आम्ही घर वर उचललं म्हणा ना. शेगडी ओट्यावर गेली. पीठमिठाचे डबे कमरेच्या उंचीवर आले. लांब दांड्याचा झाडू आणला. आमचं संडासाचं भांडं खाली बसायचं, त्यावर ठेवायला कमोडची खुर्ची घेतली. माझ्या मते या खुर्चीची सोय ऑपरेशनच्या आधीच करावी. दवाखान्यातून आल्याबरोबर पहिली गरज तिचीच लागते. पाणी आमचे हे भरायला लागले. पहिले आठ दिवस नळावर बायका हसल्या, मग त्यांचंही हसणं संपलं.

नातवाचं मात्र जड गेलं. तो हात वर करून समोर उभा राहायचा आणि मला उचलता यायचं नाही. मग मी खुर्चीत बसायची आणि सूनबाई त्याला माझ्याजवळ उभा करायची.

मला सांगितलेला व्यायाम म्हणजे चालणं. आधी अंगणात पाच मिनिटं, तीन महिन्यांनी अर्धा तास. पट्टा तीन महिने होता. प्रत्येकाचं वेगळं असतं, आपल्या डॉक्टरांचं ऐकायचं. दुखलं म्हणून दुकानातली गोळी आणायची नाही, काही गोळ्या हाड जुळण्याच्या आड येतात असं मला बजावलं होतं. नवव्या महिन्याच्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं.

सगळं पहिल्यासारखं झालं असं नाही. पायाचा अंगठा अजून बधिर आहे, थंडीत कंबर आखडते. पण रानापर्यंत न बसता जाते आणि चप्पल पायात राहते. डाळिंबाची क्रेट उचलत नाही, निवडायला बसते, तेही स्टुलावर. मिशरी परत लावली नाही. आत्याबाईंची चालू आहे.

कमोडची खुर्ची सध्या वरच्या गल्लीत दिलीय, तिथल्या एका बाईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. कुणाला लागली तर महिन्याभरात मोकळी होईल, रेडिओवर फोन करून निरोप ठेवा.