अळंबी कुणाची, गल्ला कुणाचा?



मी भगत-देवऋषींची तळी उचलायला उभा नाही. हिशेब मागायला उभा आहे.

मेक्सिकोत ओआहाका राज्याच्या डोंगरात वाउत्ला नावाचं गाव आहे. तिथल्या माझातेक आदिवासींतली मारिया साबिना. शाळेचं तोंड न पाहिलेली, दरिद्री बाई. घरात माणूस दुखण्यानं पडला की ती रात्री अंधारात अळंबी खायची, गायची, दुखणं शोधायची. मौज म्हणून नव्हे.

१९५५ साली तिथं गॉर्डन वॉसन पोचला. जे. पी. मॉर्गन बँकेचा उपाध्यक्ष. मुलाची काळजी वाटते, असं सांगून विधीला बसला. १९५७ मध्ये 'लाइफ' मासिकात त्यानं सगळं फोटोंसकट छापलं. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमननं अळंबीतलं द्रव्य वेगळं काढलं.

बाईला काय मिळालं? नशेच्या शोधात परदेशी पोरांच्या झुंडी आल्या, त्यांच्यामागून पोलीस. गाव तिच्यावरच उलटलं. तिचं घर जाळलं गेलं. १९८५ मध्ये ती गरिबीतच मेली.

आणि आज? अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं २०२० मध्ये मतदान घेऊन याच द्रव्याला वाट मोकळी केली. २०२३ पासून तिथं परवान्याची केंद्रं चालतात. एका बैठकीला हजारावर डॉलर पडतात.

म्हणजे बाईनं केलं तेव्हा ती अंधश्रद्धा, तो गुन्हा. पैसेवाल्यानं गादी टाकून केलं की उपचार!

तेव्हा दोस्तांनो, उद्या कुणी वही-कॅमेरा घेऊन तुमच्या म्हातारीचं गाणं, तिचं औषध 'जपायला' आला, तर चहा जरूर पाजा. पण आधी विचारा : गल्ल्यावर कोण बसणार?