लिथियमची कल्हई



पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते. म्हणून आपण भांड्याला कल्हई करतो. पुनःपुन्हा प्रभारित होणाऱ्या विद्युत्घटात लिथियम धातू वापरावयाचा, तर त्यालाही अशीच कल्हई हवी.

लिथियम हा सर्वांत हलका धातू. त्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ३,८६० मिलिअँपिअर-तास विद्युत्भार साठू शकतो. ग्रॅफाइटच्या ग्रॅममध्ये केवळ ३७२. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७६ मध्ये असा घट शास्त्रज्ञांपुढे मांडला. मात्र लिथियम धातूच्या घटांना आग लागण्याचा धोका अनुभवास आला. म्हणून १९९१ मध्ये सोनी कंपनीने विक्रीस आणलेल्या लिथियम-आयन घटात धातूऐवजी कार्बन योजला गेला. आपल्या मोबाइलमधील घट याच परंपरेतला आहे.

मग अडचण कोठे आहे? घटातील द्रवाचा स्पर्श होताच लिथियम गंजू लागतो व त्यावर पातळ पापुद्रा धरतो. इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये या पापुद्र्याचे कार्य विशद केले. तो द्रवाला अडवितो, पण लिथियमच्या आयनांना वाट देतो. म्हणजे गंजच धातूचे रक्षण करतो! परंतु प्रभारणाच्या वेळी धातूचा थर वाढतो, वापरात तो झिजतो. या हालचालीत पापुद्रा तडकतो, उघडा पडलेला धातू पुन्हा गंजतो आणि प्रत्येक फेरीत लिथियम व द्रव दोन्ही खर्ची पडतात. तडांमधून सुईसारखे काटे वाढतात. ते मधला पडदा भेदून दोन्ही अग्रांना जोडतात आणि घट पेटू शकतो.

तेव्हा गंज समूळ थांबविणे नव्हे, तर पापुद्रा एकसारखा व चिवट करणे, हेच संशोधकांचे उद्दिष्ट आहे. द्रवात फ्लोरोएथिलीन कार्बोनेट मिसळल्यास लिथियम फ्लोराइडयुक्त पापुद्रा तयार होतो. लिथियम-गंधक घटात लिथियम नायट्रेट उपयोगी पडते. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात द्रवाऐवजी काचेसारखा घन थर वापरून हजारो फेऱ्या टिकणारे घट बनविले. मात्र ते अगदी पातळ आणि अल्प साठ्याचे होते.

उद्या गावातील सौरदिव्यांसाठी कोणी नवा घट दाखविला, तर “साठा केवढा?” एवढेच विचारू नका. “हजार प्रभारणांनंतर त्यातील किती उरतो?” हेही विचारा. कल्हई टिकली, तरच भांडे उपयोगाचे.