नवशिक्याची ध्वनिमुद्रणशाळा आणि मॉनिटरची निवड



ध्वनिमुद्रण ही विद्या एके काळी मुंबईपुण्याच्या मोजक्या स्टुडिओंत आणि आकाशवाणीच्या केंद्रांत बंदिस्त होती. आज एक संगणक, एक ऑडिओ इंटरफेस आणि बऱ्यापैकी माइक एवढ्या सामग्रीवर सांगलीच्या किंवा डोंबिवलीच्या सदनिकेत राहणारी एखादी मुलगी आपली चाल आपल्याच खोलीत मुद्रित करून जगापुढे ठेवू शकते, आणि आमच्या काळात घडलेल्या चांगल्या गोष्टींत मी या गोष्टीची गणना मोठ्या आनंदाने करतो. मात्र मुद्रण झाल्यावर जे काम उरते, म्हणजे आवाज, तंबोरा, तबला, पेटी यांचे परस्परप्रमाण ठरविण्याचे, ज्याला सर्वजण मिक्सिंग म्हणतात, त्या कामाची सगळी मदार कानांवर आणि कानांपर्यंत ध्वनी पोचविणाऱ्या साधनांवर असते. ही साधने म्हणजे स्टुडिओ मॉनिटर. बेताच्या पैशांत त्यांची निवड कशी करावी, एवढाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

दिवाणखान्यातील संगीतसंच हा ऐकणाऱ्याला सुख व्हावे या हेतूने घडविलेला असतो. त्यात खर्जाकडील बाजू किंचित फुगविलेली आणि तारस्वरांना थोडी झळाळी दिलेली असते, व ऐकणाऱ्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. परंतु अशाच संचावर जो मिक्सिंग करील, तो त्या फुगवट्याला आपल्या मुद्रणाचाच दोष समजून तबल्याच्या बायाचा आवाज कमी करील, आणि तेच गाणे दुसऱ्याच्या घरी लागले की बाया नाहीसा झालेला आढळेल. मॉनिटरचे काम कचेरीतल्या हिशेबतपासनिसाचे आहे: जमेत जे आहे ते जमेत, तुटीत जे आहे ते तुटीत दाखवावे, स्वतःची मखलाशी करू नये. म्हणून दुकानात प्रथमदर्शनी जो मॉनिटर फार गोड वाटेल, त्याच्याविषयी नवशिक्याने थोडा संशय बाळगावा, असे माझे मत आहे.

या संदर्भात यामाहा कंपनीच्या एनएस-१० या स्पीकरचा इतिहास सांगितल्यावाचून मला राहवत नाही. १९७८ साली तो घरगुती संगीतश्रवणासाठी बाजारात आला. पण पुढील काही वर्षांत, बॉब क्लिअरमाउंटन यांच्यासारख्या अमेरिकेतील नामांकित मिक्सिंगकारांनी तो जवळ केल्यामुळे, पांढऱ्या शंकूचा हा लहानसा स्पीकर जगभरच्या स्टुडिओंत मिक्सिंगच्या मेजावर विराजमान झाला. त्याचा वरचा स्वर इतका बोचरा होता की मंडळी ट्वीटरपुढे, म्हणजे वरचे स्वर देणाऱ्या छोट्या पडद्यापुढे, पातळ टिश्यू कागद लावीत, आणि अगदी खालचे स्वर तर तो जवळजवळ देतच नसे. तरीही त्याची प्रतिष्ठा टिकली, कारण मानवी आवाज ज्या मधल्या पट्ट्यात वसतो तेथील उणीव तो निर्दयपणे उघडी पाडी, आणि त्याची पेटी पूर्ण बंद असल्यामुळे ध्वनी थांबला की स्पीकरही तत्काळ थांबे, मागे गुंजन रेंगाळत नसे. शंकूसाठी लागणारा कागदाचा लगदा मिळेनासा झाल्यामुळे २००१ साली त्याचे उत्पादन बंद पडले. खर्जाची उणीव ही मॉनिटरला बाद ठरविणारी बाब नव्हे, हे या एका उदाहरणावरून पुरेसे सिद्ध होते. आणि नेमक्या याच ठिकाणी आमचे नवशिके फसतात.

ते फसतात ते माहितीपत्रकातील आकड्यांमुळे. यामाहाच्याच आजच्या एचएस-५ या पाच इंची वूफरच्या (खालचे स्वर देणाऱ्या शंकूच्या) मॉनिटरचा पल्ला माहितीपत्रकात ५४ हर्ट्झपासून सुरू होतो. परंतु तपशील वाचला तर तो आकडा दहा डेसिबलची घट धरून दिलेला असतो, आणि केवळ तीन डेसिबलची घट मान्य केली तर पल्ला ७४ हर्ट्झपासून सुरू होतो. आता आपला तंबोरा घ्या. काळी एक ही पट्टी धरणाऱ्या पुरुष गवयाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते, म्हणजे या दोन आकड्यांच्या मध्ये. म्हणून एचएस-५ वर खर्ज ऐकूच येणार नाही काय? येईल, आणि उत्तम येईल. कारण घोडीवरच्या जवारीमुळे तंबोऱ्याच्या तारेतून उपस्वरांची जी दाट रांग उठते तिच्यातच त्या वाद्याचे वैभव आहे, आणि मूळ स्वर क्षीण असला तरी त्या रांगेवरून कान त्याची स्थापना स्वतः करतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२०-२१ च्या सुमारास मृदंग-तबल्याची शाई आणि तंबोरा-वीणेची घोडी यांवर जे लेखन केले, ते या उपस्वरांच्याच शोधाचे होते. हिंदुस्थानी संगीत मुद्रित करणाऱ्याने म्हणून मॉनिटरकडून प्रथम अपेक्षा ठेवावी ती मधल्या आणि वरच्या पट्ट्यातील सत्याची.

ज्यांना विद्युत् बास गिटार किंवा ढोलाच्या गडगडाटाचे संगीत करावयाचे आहे, ते म्हणतील की आम्हांला आठ इंची वूफरवाचून गत्यंतर नाही. त्यांना मी खोलीची लांबी विचारीन. आपल्याकडील सदनिकेतील लहान खोली बहुधा दहा फूट लांब नि दहा फूट रुंद असते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. दहा फुटांच्या, म्हणजे सुमारे तीन मीटरच्या, दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी अडकून भिंतीपाशी फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ विरून जातो. खोली चौरस असेल तर लांबी व रुंदी ही दोन्ही मापे एकाच स्वराला फुगवितात. बास गिटारची मोकळी दुसरी जाड तार ५५ हर्ट्झची. तेव्हा अशा खोलीत आठ इंची मॉनिटर आणला की, पदरचे पैसे मोजून, आपण त्या एका स्वराचा गोंगाट मात्र विकत घेतो. स्पीकरचा दोष कोणता आणि भिंतीचा कोणता, हे मग कोणालाच सांगता येत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाच इंची जोडीच घ्यावी, हे मी ठामपणे सांगतो. जेबीएलचा ३०५पी, केआरकेचा रॉकिट ५, प्रीसोनसचा ईरिस ५, किंवा वर सांगितलेला एचएस-५ यांतील कोणताही घ्या. त्यांच्यातील फरक तुमच्या खोलीच्या दोषांपुढे लहान आहेत. त्याहून तुटपुंजी शिल्लक असेल तर साडेतीन इंची जोडीवर आरंभ करण्यातही कमीपणा नाही.

वाचलेला पैसा खोलीवर खर्चावा. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटविण्याची जी रूढी पडली आहे, ती निरुपयोगी आहे. पुठ्ठ्याने वरचे काही स्वर मंदावतात आणि खालच्यांवर त्याचा काडीइतका अंमल चालत नाही. खनिज लोकरीचे चार इंच जाडीचे तक्ते कापडात गुंडाळून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, जेथून ध्वनी परतून कानांवर येतो तेथे, टांगावेत. ती जागा शोधण्यासाठी सोबत्याने भिंतीवरून आरसा सरकवीत न्यावा आणि बसल्या जागेवरून ट्वीटर आरशात दिसला की तेथे खूण करावी. दोन मॉनिटर आणि श्रोत्याचे मस्तक यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर कानांच्या उंचीवर यावेत. कोपऱ्यात ते कदापि ठेवू नयेत. भिंतीला लागून ठेवणे भागच असेल तर वाढलेला खर्ज आवरण्यासाठी मागील बाजूस दिलेल्या खटक्याचा उपयोग करावा. एचएस-५ वर तो दोन किंवा चार डेसिबलची घट देतो.

दुकानातील परीक्षेविषयी एक सावधगिरी सांगतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच दाखवून दिले की आवाज लहान असता कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढला की ते भरून येतात. म्हणून दोन मॉनिटरांपैकी जो किंचित मोठ्याने वाजत असेल तोच सरस वाटतो. दोन्हींचा आवाज सारखा करून घेतल्यावाचून कोणताही फैसला देऊ नये. परीक्षेसाठी स्वतःच्या शेकडो वेळा ऐकण्यातली मुद्रणे न्यावीत: दोन तंबोरे असलेल्या मैफलीत ते दोन म्हणून वेगळे कळतात काय, गायकाचे श आणि स टोचतात काय, बायावरची मींड अखंड ऐकू येते की मध्येच तुटते, आणि आवाज दोन्ही पेट्यांच्या बरोबर मध्यभागी उभा राहतो काय, हे शांतपणे पाहावे. काही स्वस्त मॉनिटरांतून गाणे बंद असतानाही एक बारीक सुस्कार चालू असतो. हातभर अंतरावर बसणाऱ्याला तो रात्री फार छळतो, म्हणून गाणे थांबवूनही ऐकावे. काही मॉनिटर एकेक विकले जातात, तर काही जोडीने. एचएस-५ ची किंमत एकाची आणि ईरिस साडेतीनची जोडीची असते, तेव्हा किमतींची तुलना करताना खातरजमा करावी. इंटरफेसपासून मॉनिटरपर्यंतच्या केबल बॅलन्स्ड जातीच्या घ्याव्यात, म्हणजे विजेची घरघर पुष्कळ अंशी टळते.

शेजाऱ्यांच्या निद्रेचा मान राखणे प्राप्त असल्यामुळे रात्रीच्या कामासाठी एक चांगला हेडफोन लागेलच. खालचे स्वर खोली बिघडवीत असल्याने त्यांची शहानिशा हेडफोनवर करणे सोयीचेही पडते. परंतु डावीउजवीकडचे अंतर आणि आवाजाची पातळी मॉनिटरवरच ठरवावी. जोडी घरी आल्यावर लगेच स्वतःच्या गाण्याला हात घालू नये. महिनाभर तिच्यावर केवळ आवडत्या गवयांची मुद्रणे ऐकावीत, बेताच्या पातळीवर, खुर्चीची जागा न बदलता. त्या जोडीचा आणि त्या खोलीचा स्वभाव कानांत मुरला, की आपल्या मुद्रणातला बाया खरोखर जड झाला आहे की नुसता खोलीत जड वाटतो आहे, हे तिच्यापुढे बसून सांगता येऊ लागते.